लोखंड न ऐकणारं यंत्र

विल्फ कॅचपोलच्या घराचं मागचं दार कधीच आतून लागलं नाही. इंग्लंडातल्या सफोक परगण्यातल्या त्या खेड्यात चोऱ्या होत नव्हत्या असं नाही, पण त्याची आई हिल्डा कुणाचं ऐकेल तर शपथ. नेटी परत येईल तेव्हा तिला दार ठोठावावं लागू नये, एवढंच तिचं म्हणणं.

नेटी म्हणजे विल्फची थोरली बहीण. दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी, ऐन शरदात, ती कुंपणापलीकडच्या शेतात ब्लॅकबेरी तोडायला गेली आणि परतलीच नाही. पोलिओने तिचे पाय अधू झाले होते. दोन्ही पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर असायचे. अंगणातल्या विटांवर ती चालली की खण्‌खण्‌ वाजायचं, आणि पोर कुठे पोचली ते आईला चुलीपाशी उभ्या उभ्या कळायचं. शेतात माती काढून काढून झालेला एक जुना खड्डा होता, त्यात पाणी साठलेलं. लोकांनी गळ टाकून टाकून तळ ढवळला. हाती काही लागलं नाही. त्याच आठवड्यात जत्रेच्या गाड्या गावातून गेल्या होत्या. हिल्डाने मनाशी पक्कं केलं की पोरीला त्या लोकांनी नेलं. नेलं म्हणजे कुठेतरी आहे. पुढे शेताचा मालक गॅरड याने खड्डा बुजवला, वर बार्ली पेरली, आणि गाव ते विसरून गेलं.

विल्फ साखर कारखान्यात बीट धुण्याच्या हौदावर नोकरीला लागला, लग्नाच्या भानगडीत पडला नाही, आणि चाळिशीच्या आत-बाहेर त्याने मेटल डिटेक्टर घेतला. आता साठी जवळ आली तरी सुट्टीच्या दिवशी तो गॅरडच्या शेतातच. "निघाले डॉक्टर जमीन तपासायला!" असं पबमधले लोक हाळी घालायचे. तोही हसून हात करायचा. नेटीच्या मनगटात चांदीचं बारीक कडं होतं, ते तो शोधतोय, हे साऱ्या गावाला माहीत होतं. बटणं मिळाली, जुनी नाणी मिळाली. कडं नाही.

त्याचं यंत्र कानात सतत मंद गुणगुणायचं. चांदी-तांबं आलं की चढा सूर काढायचं. लोखंडाचं मात्र बटण त्याने पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. या छंदातली शहाणी माणसं तेच करतात, कारण शेत म्हटलं की खिळे, तारा आणि घोड्यांचे नाल यांचा नुसता उकिरडा. तेव्हा लोखंडावरून गेलं की त्या यंत्राचा गुणगुणाट क्षणभर तुटायचा, बस.

बेरिल थर्कल त्याला छंदवाल्यांच्या क्लबात भेटली. समुद्रकाठच्या लोस्टॉफ्टची विधवा. किनाऱ्यावर वाळूत हरवलेल्या अंगठ्या हुडकणारी, जिभेने फटकळ, मनाने मोकळी. तिच्याकडे समुद्रावरचं यंत्र होतं. ते खोलवरचं ऐकतं, पण त्याला चांदी काय नि लोखंड काय, सगळं सारखंच. नोव्हेंबरातल्या एका दुपारी ती ते घेऊन गॅरडच्या शेतावर हजर झाली.

"हे शेत मेलंय, यातून आता काही निघायचं नाही, म्हणतात सगळे," ती म्हणाली. "मला जरा नाडी बघू दे."

"अगं, तुझं ते धूड इथं दिवसभर बोंबलत बसेल. एकेक खिळा ऐकवेल."

"बोंबलू दे की! नवरा बहिरा होता माझा. घरात कुणीतरी बोललेलं मला आवडतं."

दोघांनी कुंपणाला टेकून पोर्कचे पॅटिस खाल्ले, थर्मासमधला चहा घेतला आणि कामाला लागले. जमीन नुकतीच नांगरून, ढेकळं फोडून सारखी केली होती. विल्फने सकाळीच आपल्या यंत्राने बरंच शेत पालथं घातलं होतं, आणि त्याच्या बुटांचे ठसे मातीत स्वच्छ उमटले होते. दुपार कलली तसं ओढ्याकडून धुकं सरकत आलं. पलीकडे हिल्डाच्या स्वयंपाकघरातला दिवा तेवढा दिसत होता. बेरिल शेताच्या मधोमध थांबली.

"विल्फ, इकडे ये. एक विचारते, रागावू नकोस."

"काय झालं?"

"तुझ्या पावलांच्या रेघा बघ. सरळ सुतात गेल्यात आणि इथं येऊन वाकल्यात. एक नाही, सगळ्या. इथं झाड नाही, दगड नाही. तू कशाला वळसा घातलास?"

विल्फने पाहिलं. ठशांची प्रत्येक रांग मोकळ्या मातीच्या एका तुकड्याभोवती वळून पुन्हा सरळ होत होती. तुकडा एखाद्या लहान खाटेएवढा. तो वळल्याचं त्यालाच आठवत नव्हतं. बुजवलेल्या खड्ड्याचा काठ तिथेच कुठेतरी होता.

बेरिलने आपलं यंत्र त्या तुकड्यावर फिरवलं. हेडफोन तिच्या कानांना होते, तरी तो घोगरा आवाज विल्फला बाहेर ऐकू आला. ती हळूहळू पुढे सरकली, मागे आली, काटक्या मोडून मातीत रोवू लागली.

"दोन आहेत. शेजारी शेजारी, लांबट. ही याची दोन टोकं, ही त्याची. तारा नव्हेत या. सळ्या असाव्यात बघ... पण आखूड आहेत रे." मग तिने हातातली काटकी खाली ठेवली. बाहेरगावची असली तरी नेटीच्या कड्याची आणि कॅलिपरची गोष्ट तिने ऐकली होती.

विल्फने आपलं यंत्र उचललं आणि काटक्यांवरून नेलं. गुणगुणाट तुटला, परत आला. पुन्हा तुटला, परत आला.

"हे मला पहिल्या वर्षापासून ऐकू येतंय," तो म्हणाला.

"काय ऐकू येतंय? तुझं तर गप्प होतंय."

"तेच."

गोष्ट साधी होती. कडं कुठेही गळून पडू शकतं. कडं सापडलं असतं तरी नेटी पुढे चालत गेली असं म्हणता आलं असतं. कॅलिपरवाचून मात्र ती दोन पावलंसुद्धा टाकू शकत नव्हती. लोखंड इथं, तर नेटी इथं. म्हणून त्याने लोखंडाचं तोंड बंद केलं होतं, आणि सगळे तेच करतात ही सबब त्याला आयती मिळाली होती.

खणलं बेरिलनेच. काठ खचून वरची माती पोरीच्या अंगावर आली असावी. गळ टाकणारे पाण्यात शोधत बसले आणि ती काठाखाली होती. कोपरभर खोलीवर गंजलेली पट्टी दिसली, मग चामड्याचा पट्टा, मग लहानग्या बुटाची टाच. बेरिलने पट्टी अलगद मोकळी केली. ती बाजूच्या गारगोटीवर आपटली. खण्‌.

विल्फने झटकन घराकडे मान वळवली. धुक्यातला तो दिवा होता तिथेच होता.

बेरिलने आणखी थोडी माती हाताने सारली आणि खुरपं खाली ठेवलं. "बास. आता आपण हात लावायचा नाही. मी पोलिसांना बोलावते. तू इथं थांब, तिच्यापाशी." तो थांबला. जागचा हलला नाही. पोलीस आले, खड्ड्यावर तंबू उभा राहिला, तेव्हा कुठे एका पोलिसाने त्याला घरी जायला सांगितलं. आईला काय सांगायचं, सुरुवात कुठून करायची, हे घोकतच तो कुंपण ओलांडून अंगणात आला. शेतावरून अजून कुणीही तिच्याकडे गेलं नव्हतं.

त्याने सवयीने मागचं दार ढकललं. दार उघडेना. खांदा लावला, तरी नाही. आतून कडी होती.

जन्मात पहिल्यांदा विल्फने आपल्या घराचं दार ठोठावलं.

हिल्डाने कडी काढली, त्याला आत घेतलं आणि कडी परत लावली. टेबलावर तीन कप होते.

"बूट पूस," ती म्हणाली. "चहाच्या वेळेला आली ती. विटांवर वाजलं, तेव्हाच कळलं मला."

विल्फने पायपुसण्यावर बूट पुसले. म्हातारीने चहा ओतला, किटली खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं ना रे, कुठं होती ती?"

त्याने तिसऱ्या कपाकडे पाहिलं.

"मग तिला आणायला एवढा उशीर का लावलास, पोरा? किती गार वारा यायचा त्या दारातून."