मनकर्णेची सवत

नांदूरघाटच्या मनकर्णेला नवरा परत मिळाला, पण अर्धाच. मोठ्या दुष्काळात मेंढरं मेली तेव्हा धुळाजी पोट भरायला कोकणात उतरला होता. कैक वर्षांनी आला तो काळाठिक्कर पडून, दंडावर एक नाव गोंदून. सावित्री.

“ही कोन म्हनायची?” मनकर्णेनं भाकरी वाढायच्या आधीच विचारलं.

“गलबत हाय. मी खलाशी हुतो त्याच्यावर.”

“लाकडाचं नाव कुनी अंगावर गोंदतं व्हय?”

धुळाजीनं परोपरीनं सांगितलं. सावित्री सागाची होती, मालवणच्या सुतारांनी बांधलेली. मंगळुरी कौलं मुंबईला न्यायची, बसऱ्याहून खजूर आणायची. एकदा गोव्यापुढं वादळात तिची डोलकाठी मोडली, तेव्हा कमरेला दोर बांधून फाटकं शीड कापलं ते यानंच. सांगताना त्याचा आवाज मऊ व्हायचा आणि मनकर्णा त्याला मधेच तोडायची. बाईबद्दल बोलावं तसंच बोलतो की हा! नारळी पुनव जवळ आली की नव्यानं घेतलेली मेंढरं सोडून मावळतीकडं बघत बसायचा. “आता गलबतं पाण्यात लोटतील,” म्हणायचा. तिला वाटायचं, हा जाणार.

केजच्या बाजारात एकदा रत्नागिरीकडचा खोबरेवाला आला. धुळाजी लोकरीच्या भावात गुंतलेला बघून ती हळूच खोबरेवाल्यापाशी गेली.

“तिकडं सावित्री कोन हाय?”

“सावित्र्या पुष्कळ. कुठली?”

“मालवनची.” ती चाचरली. “बसऱ्याला जानारी.”

“गलबत म्हण की! माझाच माल यायचा त्यातनं. पण संपली ती. आगबोटींपुढं भाडं मिळेना. मालकानं गेल्या साली तोडून लाकूड विकलं.”

मनकर्णेचा जीव भांड्यात पडला. मग उगाच वाईटही वाटलं. घरी येऊन तिनं सगळं सांगितलं, तर धुळाजी तिच्याकडं रोखून बघत राहिला.

“मला अडकवून ठेवायला रचलंस ना हे?”

“बिरोबाची आन!”

त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मेंढरं भावाच्या हवाली केली आणि निजामाच्या मोगलाईची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात, मालवणकडं गेला.

“सवतीकडं धाडलंस की गं,” शेजारची साखराबाई म्हणाली. मनकर्णेच्या मनात किडा वळवळू लागला. सावित्रीला गलबत म्हणायला खोबरेवाल्याला धुळाजीनंच पढवलं नसेल कशावरून? तिनं त्याची वाट बघायचं सोडून दिलं, तरी माळावर कुणी दिसलं की उभी राहायची.

दिवाळी उलटल्यावर तो आला. ओट्यावर टेकला.

“खरं बोललीस तू. तिच्या तुळया गोठ्याला घातल्यात. खाली म्हशी बांधल्यात.” तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यातच मोडलं.

मनकर्णा त्याच्याजवळ बसली. “सांगा तरी, दिसायला कशी हुती ती?”

तो सांगू लागला. आवाज पुन्हा तसाच मऊ झाला. मनकर्णेनं डोळ्यांच्या कोपऱ्यातनं त्याच्याकडं बघून घेतलं, पण या खेपेला त्याला मधेच तोडलं नाही.