नाचणीची बियर आणि डोक्यावरचं मडकं

“लुगडं नेसणार नाई, डोक्यावर मडकं घेणार नाई, आणि मोहाच्या झाडाखाली तर बिलकूल उभी राहणार नाई!”

“अहो आजी, एकच फोटो. एरवी बियर करताना तुम्ही काय घालता?”

“गाऊन! आणि करते किचनमध्ये, गॅसवर, कुकरच्या बाजूले!”

गोंडपिपरीला माझ्या ओसरीत हे चाललं होतं. समोर निखिलसाहेब, नागपुरात स्वतःची बियर बनवून विकणाऱ्या एका पबचे मालक. त्यांच्या शेजारी कॅमेरावाला, हातात माझ्यासाठी आणलेलं हिरवंगार लुगडं. मधे माझ्या बहिणीचा नातू रोहित, त्याच पबात नोकरीला, चेहरा एवढासा झालेला. आणि माझ्या खुर्चीजवळ माझ्या बियरचा डबा, गाडीत चढायला तयार.

भांडण कुठे जाऊन थांबलं ते सांगतेच. पण इथवर आलं कसं ते आधी ऐका. माझी बियर प्यायला जमणाऱ्या आमच्या टोळक्यात किस्से भातगिरणीमागच्या कोंड्यासारखे साठतात. कोणी मुद्दाम साठवत नाही, ढीग मात्र वाढतच जातो!

*

सुरुवात रोहितनेच केली. हौसेने मला त्याचा पब दाखवायला घेऊन गेला. लाकडी फळीवर चार छोटे छोटे ग्लास आले. मला वाटलं, खोकल्याचं औषध!

वेटर मोठा अदबीचा. पहिला ग्लास पुढे करून म्हणाला, “मॅडम, हिच्यात शेवटी संत्र्याची आठवण येते.”

“आठवण कायले? नागपुरात बसला तू, संत्रंच टाक ना!”

चौथा ग्लास मात्र काळाभोर. भाजलेल्या हरभऱ्याची चव, मग जरा गोड, मग कडू. तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. खोटं कशाला बोलू, जीव खूश झाला! पण कौतुक केलं की माझी जीभ थोडी पुढे जातेच. म्हटलं, “छान आहे. मी याहून चांगली करते.”

रोहित उडालाच. “आजी, तू बियर करते?”

“उद्यापासून!”

*

आता बोलून बसले म्हटल्यावर करणं आलं. माझी शाळा चौथीत सुटली. वाचायला शिकले दुकानांच्या पाट्यांवरून, इंग्रजी शिकले शिलाईच्या रिळांवरून, मापं टेपवरून. मग मोबाईलमधल्या एका गोऱ्या दाढीवाल्याकडून बियर शिकायला कितीसं लागतं? तो भरभर बोलायचा, मी अंगठ्याने थांबवून थांबवून पाहायची. धान्याला मोड आणा, वाळवा, भाजा, दळा, गरम पाण्यात मुरवा, गाळा, कडू फुलं घालून उकळा, थंड झालं की यीस्ट. अहो, यातलं अर्धं तर लहान बाळ असलेल्या घरात आपण करतोच! सत्त्व म्हणतो त्याला, एवढंच.

आणि तिथेच घोळ झाला. मी जवाला मोड आणून, तांबूस भाजून गिरणीत दिले. त्याच दिवशी शेजारच्या वैशालीने आपल्या बाळासाठी मोडाची नाचणी दिली, वेलची घालून. दोघींचे स्टीलचे डबे एकाच भांडेवाल्याकडचे. गिरणीवाल्याने दिले बदलून! रंगही सारखाच. वेलचीचा वास आला, पण मला वाटलं, आधीच्या दळणाचा असेल.

बियर झाली. आणि काय झाली म्हणता! तांबूस रंग, वर पांढरा फेस, घोट गिळला की मागून हळूच वेलची. मी ग्लास हातात घेऊन ओसरीत बसले होते, तेवढ्यात वैशाली बाळाला घेऊन आली.

“आजी, याचे गालं पाहा! आजकाल सत्त्व मागून मागून खाते.”

मी गाल पाहिले. मग ग्लास पाहिला. मग तो वैशालीच्या नाकाखाली धरला. वेलची!

वैशालीने बाळाला घट्ट धरलं. “म्हणजे माह्या लेकराले मी बियर चारून राह्यली?”

“नाई वो येडे! त्याले तू जव चारून राह्यली. त्याचं जेवण मी पिऊन राह्यली!”

तेव्हापासून मी नाचणी आणि वेलची सोडली नाही. जव वैशाली नेते.

*

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही नशीबवान. मे महिन्यात माझ्या घरात कूलर लागतो तो डब्यासमोर. पाहुणे बसतात पंख्याखाली. शेजारचे गजाननभाऊ, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, आमच्या टोळक्यातले जुने मेंबर, त्यांनी एकदा तक्रार केली, “बाई, माणसाले घाम, डब्याले थंडी, हे कोणतं राज्य?”

“ज्याले फेस येते त्याले कूलर!”

रागाने एक बाटली उचलून ते घरी घेऊन गेले आणि कपाटात ठेवून दिली. मी दोनदा बजावलं, भाऊ, गरमीत ठेवू नका. एसटीचं तापलेलं इंजिन सांभाळणाऱ्याला तापमान शिकवू नये म्हणाले!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धडाम! आमच्या भागात फटाका वाजला की पहिला विचार एकच, वाघ आला आणि कोणीतरी त्याला हाकलतंय. पाच मिनिटांत अख्खी गल्ली गच्च्यांवर. गजाननभाऊ लुंगी सावरत सगळ्यांच्या आधी! समोरच्या गच्चीवरून पोरं ओरडली, “भाऊ, वाघ कुठी आहे?”

खालून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “इथी आहे, कपाटात! आणि माह्या लग्नाच्या शालूवर लोळून राह्यला!”

*

बेबीबाई आरमोरीची. शिवणक्लासपासूनची माझी मैत्रीण. नदीपल्याड गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून तिकडे बाटली न्यायची नाही हा माझा नियम. मग बेबीबाईच येते. घरी सांगून निघते, “डोळे तपासाले चालली.” दर महिन्याला!

शेवटी मुलाला काळजी वाटली. आईला स्वतः मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आजींची नजर एकदम पक्की आहे.

मुलगा म्हणाला, “मंग आई, तू दर महिन्याले कायले जाते?”

“पक्की राहावं म्हणून!”

आता तो विचारत नाही. बेबीबाई मात्र चष्म्याचं रिकामं घर पर्समध्ये घालूनच निघते. सवय.

*

तर एक दिवस रोहित आला. मी ग्लास पुढे केला. त्याने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला, तरी मिटलेलेच. गजाननभाऊ घाबरून म्हणाले, “लेकराले लागलं का काई?”

रोहित म्हणाला, “आजी, एक बाटली दे. साहेबाले पाजतो.”

आठवडाभरात साहेबांचा फोन. तुमची बियर आमच्याकडे ठेवू. पहिला डबा तुमच्या हातचा, पुढे आमच्याकडे बनेल, तुम्ही येऊन पाहायचं. मी एकच विचारलं, “बाटलीवर नाव कोणाचं?”

“तुमचंच, आजी!”

तुम्हाला यात काही मोठं वाटणार नाही. पण अख्खा जन्म मी ब्लाऊज शिवले. लग्नात बाया विचारतात, कापड कुठून घेतलं? शिवणारीचं नाव कोणी विचारत नाही, ब्लाऊजवर ते कुठे लिहिलेलंही नसतं. ‘कौसल्याबाई, गोंडपिपरी’, एवढंच मला छापलेलं पाहायचं होतं. सगळ्यांना सांगून झालं होतं. बेबीबाई तर लेबल लावायला फ्रेम घेऊन आली होती!

आणि साहेब आले ते लुगडं आणि मडकं घेऊन. फोटोवरून वाजलं ते तुम्ही ऐकलंच. मग त्यांनी लेबल काढलं. वर मोठ्या अक्षरांत ‘जंगलवाली आजी’. खाली बारीक अक्षरांत, ‘निरक्षर आदिवासी आजीच्या मडक्यातली शंभर वर्षांची गुप्त परंपरा.’

मी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत वाचलं. वाचून झाल्यावर विचारलं, “निरक्षर कोण?”

साहेबांनी रोहितकडे पाहिलं.

“आणि आदिवासी? मी बौद्ध आहो. गोंड तं ते समोरची सोनीबाई, ऑफिसात कम्प्युटर चालवते. तिले विचारा, मडकं घेते का डोक्यावर!”

सोनीबाईने आपल्या दारातूनच हात जोडले.

“आणि शंभर वर्षं कुठून आणले? वैशालीचं पोट्टं दीड वर्षाचं नाई झालं अजून!”

“आणि ते सत्त्व माह्यं होतं!” वैशाली कुंपणावरून ओरडली.

साहेब हसले. शांत माणूस. म्हणाले, “आजी, समजून घ्या. चांगली बियर दहा जण बनवतात. लोक बियर पीत नाहीत, स्टोरी पितात. गॅस, गाऊन, कौसल्याबाई, ही काही स्टोरी नाही.”

“नाव तं राहीन ना माह्यं?”

“ते लेबलवर बसत नाही हो.”

रोहित माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “आजी, एक फोटो काढू दे ना. तुह्यी गोष्ट साहेबापुढे मीच केली होती. पोस्टर फोटोसाठीच छापाचं थांबलं आहे.”

पोरगं रडकुंडीला आलं होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बेबीबाईने फ्रेम पदराखाली घेतली. कॅमेरावाल्याने लुगड्याची घडी मोडली, आणि साहेबांचा ड्रायव्हर डबा उचलायला वाकला.

मी डब्यावर हात ठेवला.

“साहेब, लोकं स्टोरी पितात म्हणता ना?”

“अगदी बरोबर, आजी!”

“मंग स्टोरी घेऊन जा. डबा इथीच राहू द्या.”