पंखाची किनार

शुक्रवारी प्रोजेक्टवर सरांची सही मिळाली नाही, तर माझं इंजिनिअरिंग संपलं होतं. आधीच एकदा नापास झालेलो. माझे वडील, आबा, भिवंडीत कापडाच्या लूमवर जॉबर, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. पुन्हा आपटलो की त्यांच्याच शेडमध्ये माझी ड्युटी ठरलेली. सत्तरीच्या दशकात आमच्या शेलार गावच्या पोराला दुसरं होतं तरी काय!

प्रोजेक्ट विमानाच्या पंखाचा. लाकडी पंखाच्या मागच्या कडेला पत्र्याची बारीक पट्टी उभी लावली, की पंख जास्त वजन उचलतो. उचललंही! पण हवा त्याला मागे ओढायला लागली. सर म्हणाले, "ही ओढ कमी कर, मगच सही." कितीतरी दिवस डोकं फोडलं. शेवटी पट्टीला करवतीसारखे दाते पाडले. आता सगळी मदार त्या दात्यांवर.

गुरुवारी सकाळी पंख ओटीवर ठेवला आणि आंघोळीला गेलो. जाताना आबांना म्हटलं, "त्याची किनार तेवढी सांभाळा."

परत आलो तर आबांच्या हातात कानस. दाते साफ! पट्टी सरळसोट आणि पहिल्यापेक्षा निम्म्याने बुटकी.

"कुरतडलेली व्हती रं. किनार बिघडली तं कापडाचा अख्खा ताका बाद जातो."

माझं डोकंच फिरलं. "अडाणी ते अडाणीच! कुणी सांगितलं होतं हात लावायला? वाटोळं केलंत माझं!" आई मध्ये पडली, तिलाही नको ते बोललो. आबांनी कानस खाली ठेवली. नवी पट्टी करून दाते पाडायला दोन-तीन दिवस लागले असते, तेवढा वेळच नव्हता. तोच पंख काखेत मारून कॉलेजला जायला एसटीत बसलो, आणि चारचौघांत रडलो.

शुक्रवारी पंख विंड टनेलमध्ये लावला, वारा सोडला. काटा बघितला, पुन्हा बघितला. उचल थोडीच घटली होती, पण ओढ कितीतरी खाली आलेली.

सर खूश. "पट्टी बुटकी करायचं कुणाला सुचलं?"

"मला, सर."

त्यांनी सही केली.

घरी येऊन पंख ओटीवर ठेवला, सही मिळाल्याचं सांगितलं. आबा हसले, जवळ आले, हात पुढे केला आणि मध्येच थांबले.

"हात लावू का रं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लावा," एवढंच म्हणालो. पट्टी कुणामुळे बुटकी झाली आणि सही कशामुळे मिळाली, हे मी आबांना ते वारेपर्यंत सांगितलं नाही.