नऊ तासांवर

ताई कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, शिवण उसवून अंगात सैल करून देणं. "पाच मिनिटांचं तर काम," असं गिऱ्हाईक म्हणालं की तिचं डोकं फिरतं. "मग घरीच करा की!"

तिचा धाकटा भाऊ सात हजार किलोमीटरवरच्या शहरात पुलांची मोजमापं तपासतो. सरळ विमानाने नऊ तास. दर फोनवर एकच पालुपद, "ताई, एक हाक मार, नऊ तासांत दारात उभा राहीन." अकरा वर्षं तो असा नऊ तासांवरच राहिला आहे.

थंडीत आईच्या छातीत कफ दाटला. इस्पितळात तिच्या नाकाला नळी लागली. ताईने दुकान बंद केलं आणि हाक मारली. आधी रजा मिळेना. मग सरळ विमानात जागा मिळेना. शेवटी भाऊ अर्ध्या वाटेवर विमान बदलून यायला निघाला.

"सुटलं का विमान?"

"सुटलं."

"जेवला असेल का गं?"

"आई, तू सकाळपासून घोटभर सूप प्यायली नाहीस."

"माझं मरू दे."

पण तो निघाल्याचं कळल्यापासून आई सावरत गेली. दुपारी नळी निघाली. ती उठून बसली आणि ताईकडून केस विंचरून घेऊ लागली. "मागून नीट घे. वाळलेली दिसायला नको मी."

तेवढ्यात भावाचा फोन आला. तो मधल्या विमानतळावर होता.

"कशी आहे आई?"

"बसलीय. नळी काढली."

"वा! मग असं करतो ताई, इथूनच परत फिरतो. सोमवारी मोठी तपासणी आहे. नंतर निवांत येईन. नऊ तासांचं तर अंतर."

"अर्धा रस्ता आलास ना रे गाढवा!"

"अगं, पण आता बरी आहे ना ती?"

आईने सगळं ऐकलं होतं. ती आडवी झाली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "सांग, पुन्हा धाप लागलीय."

"मी नाही सांगणार. उशापायथ्याशी मी बसायचं, आणि वर खोटंही मीच बोलायचं?" ताईने फोन तिच्या कानाला लावला. "तूच सांग."

आईने फोनमध्ये दोनदा जोरात श्वास ओढला. बरं जमलं होतं.

"आई? धाप लागतेय तुला?" त्याचा आवाज कापला.

आईचा चेहरा लगेच उतरला. "नाही रे राजा. जरा चालून आले, म्हणून. तू जा हो. उपाशी नको जाऊ."

ताईने फोन हिसकावला. "तिचं ऐकू नकोस. बरी आहे तोवर ये. ऐकतोयस का?"

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. ताईने वाचला, दात आवळले, मग मोठ्याने वाचून दाखवला, "सुखरूप पोचलो."

आई कोपरावर उठली. दाराकडे पाहिलं.

"कुठे?"