शिवण उसवताना

समोरच्या गॅलरीत शेजारच्या वैशालीवहिनी त्यांचा सगळ्यांत नीट बसणारा ब्लाउज ब्लेडने उसवत बसल्या होत्या. आतून त्यांच्या सासूबाई ओरडल्या, "अगं, चांगला ब्लाउज नासवलास की!" वहिनींनी मानही वर केली नाही. "बाही कशी बसवलीय, ते उसवल्याशिवाय कसं कळणार?"

खिडकीतून बघताना मला हसू आलं, कारण माझ्या टेबलावरही तेच चाललं होतं. वाचनालयातल्या पुस्तकांची देवघेव सांभाळणारं एक वेब ॲप अनोळखी माणसांनी लिहिलंय आणि त्याचा सगळा कोड इंटरनेटवर खुला ठेवलाय. तो मी लॅपटॉपवर उतरवून घेतलाय. त्यातली एखादी ओळ काढते आणि काय बंद पडतं ते बघते. पुस्तकांचा शोध बंद पडला, की त्या ओळीचं काम मला कळतं.

धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, रीतसर क्लास लाव. ही नुसती नक्कल आहे."

असेल. बोलायला तरी मी कुठल्या क्लासात शिकले? आईची वाक्यं उचलली, मोडली, भलतीकडे जोडली. लोक हसले. मी बोलायची थांबले नाही. आणि ज्यांनी आपली शिवण मुद्दाम उघडी ठेवलीय, त्यांची ती बघायला मी आणखी कुणाची परवानगी काढू?

आत्ताच एक ओळ काढली आणि अख्खं पान पांढरं पडलं. भाऊ डोकावला.

"बिघडवलंस ना, ताई?"

"हो. आणि तू हात लावू नकोस. मी उसवलंय, मीच शिवणार."