सरांचं बिननावाचं सत्र

कुणाचं लोणचं बुरसटलं की बरणी थेट आमच्या सरांकडे यायची. काळा पडलेला कडबा, खवट शेंगा, माळ्यावर विसरलेली चप्पलसुद्धा लोक आणून द्यायचे. सर लोहाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. इतर जिथं नाक दाबायचे, तिथं हे भिंग काढायचे. "फेकू नका हो, आधी ओळख तर होऊ द्या," म्हणायचे. त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, त्यांना वेगळा फ्रीज घेऊन दिला होता, आणि तोही घराबाहेर पडवीत!

बुरशी संशोधनाची परिषद ते दरवर्षी कॉलेजात भरवायचे. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवते. पाहुण्यांच्या जेवणापासून प्रोजेक्टरपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. सरांचं लाडकं सत्र मात्र एकच. कुणीही अडलेली केस मांडायची, पिकाची असो की माणसाची, पण नाव सांगायचं नाही. "नाव कळलं की माणूस मऊ बोलतो," असं त्यांचं म्हणणं.

गेल्या परिषदेच्या सकाळी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावून छातीचा एक फोटो हातात ठेवला. जुन्या क्षयानं फुफ्फुसात पडलेली पोकळी आणि तिच्यात वाढलेली बुरशी.

"माझाच हाय," सर म्हणाले. "खोकल्यातून रक्त पडतंय. डॉक्टर लोक तोंडावर गोड बोलतात. आज खरं ऐकू दे. तू फक्त गप बसायचं."

मी तो फोटो फाइलीत ठेवला.

सत्रात तो फोटो मीच पडद्यावर लावला. सोलापूरचे एक डॉक्टर, सरांचे जुने मित्र, ताडकन उभे राहिले. सरांनी आजार त्यांनाही कळू दिला नव्हता. "ऑपरेशन, आणि लगेच! नाहीतर एखाद्या दिवशी असं रक्त उसळेल की दवाखाना गाठता यायचा नाही." मागून कुणी म्हणालं, "या फुफ्फुसाला झेपणार नाही. टेबलावरच जाईल." दोघांची चांगलीच जुंपली. पोरांना मजा वाटत होती. मला ओरडून सगळ्यांना गप्प करावंसं वाटत होतं. सरांच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका त्या पोकळीवरच थांबला होता.

"पेशंट आहे का गेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय. सकाळी चहा पिऊन आलाय," सर म्हणाले. सगळे हसले.

सत्र संपल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, नका ना जाऊ ऑपरेशनला."

"पोरी, भ्या मलाबी लई वाटतंय. पण रोज रुमाल उघडून बघायचं भ्या त्याहून वाईट हाय."

पुढच्याच आठवड्यात काकूंना घेऊन ते हैदराबादला गेले. ऑपरेशनच्या दिवशी फोन वाजला की मी दचकत होते. शेवटी काकूंचा आला. सर टेबलावरच गेले होते. कॉलेजच्या फलकावर 'अल्पशा आजाराने निधन' एवढंच लिहिलं; सरांची तशी ताकीद होती.

यंदाची परिषद मी भरवली, भीत भीत. सोलापूरचे डॉक्टर आले, सरांच्या आठवणीनं डोळे पुसले. जेवताना एकदम म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी सरांनी दाखवलेला तो पेशंट. डोक्यातून जात नाही माझ्या. त्यानं ऐकलं का माझं?"

मी भाकरीची टोपली उचलली.

"ऐकलं."

"मग? बरा आहे ना?"

त्यांची नजर मला झेलवेना.

"बरा आहे," मी म्हणाले आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.