खिडकी मिटली तरी घंटा चालूच

आत्याने दाताच्या डॉक्टरांचं सॉफ्टवेअर बंद पाडलं, अशी आवई बिल्डिंगभर उठली आहे. साफ खोटं. ते बंदच होत नव्हतं, म्हणून तर तिला बोलावलं होतं.

तो प्रोग्राम आत्याने एकटीने लिहिलेला, पहिलावहिला. त्यात एक टायमर होता. त्याने अधूनमधून वेळापत्रक बघायचं आणि कुणाची पाळी आली की घंटा वाजवायची. पण रिसेप्शनिस्टबाई जेवायला जाताना स्क्रीनवरची खिडकी बंद करायच्या आणि टायमर मागे तसाच राबत राहायचा. परत येऊन प्रोग्राम उघडला की दुसरा टायमर सुरू. मग एका पेशंटला दोन-दोन घंटा. डॉक्टरांचा हात दचकायचा, आणि त्या हातात ड्रिल असायचं.

"मॅडम, आज परत असं झालं तर काढूनच टाकतो हे," डॉक्टर म्हणाले. "मी आपला दारातून हाका मारेन."

फोनवर आत्याचा साहेब: "अगं, आवाजच बंद कर की! कशाला जिवाला घोर?"

"आवाज बंद केला तरी तो मागे राबतोच ना, सर."

गंमत म्हणजे टायमर थांबवायची सोय तिने आधीच केलेली होती, मेनूतल्या 'बाहेर पडा'वर. ती स्वतः शिस्तीत तिथूनच बाहेर पडते. आता ती बाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"करा बंद, रोजच्यासारखं."

बाईंनी कोपऱ्यातली फुली दाबली.

"मेनूतून नाही जात?"

"अहो ताई, पोटात कावळे ओरडत असतात. मेनू कुठे शोधत बसू?"

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तिने फुलीवरही तीच सोय बसवली: आधी टायमरला थांब म्हणायचं, त्याचं हातातलं काम उरकू द्यायचं, मगच खिडकी मिटायची. मागे अडकलेले जुने टायमर जावेत म्हणून कॉम्प्युटरही बंद करून चालू केला.

खुर्चीत तेव्हा मीच होते, आ वासून. पुढची पाळी बाहेर बसलेल्या आजोबांची.

"वाजणार!" मी म्हणाले. ऐकू आलं, "आ-आ-आ!"

आत्याला बरोबर कळलं. "लाव पैज. नाही वाजली, तर तू सगळ्यांना करून दाखवतेस ती माझी नक्कल सुट्टी संपेपर्यंत बंद."

बाईंनी प्रोग्राम उघडला आणि फुली दाबली. खिडकी जराशी रेंगाळली आणि मिटली. आजोबांची वेळ झाली. डॉक्टरांनी ड्रिल वर धरून कान दिला. घंटा नाही.

"नाही काढत, राहू दे हे कॉम्प्युटरवर," ते शेवटी म्हणाले आणि प्रोग्राम बंद होता म्हणून आजोबांना स्वतःच हाक मारली.

आत्या यावर काय बोलली आणि कशी बोलली, ते शाळा सुरू झाल्यावर विचारा.